श्रीलंकेचा प्रवास बस स्टँडवरून आखावा

श्रीलंकेला जायचे ठरले की आपल्याकडे सर्वांत आधी स्थळांची यादी तयार होते. सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, गॉल अशी नावे एकाखाली एक लिहिली जातात आणि मग ती हाताशी असलेल्या दिवसांत कोंबण्याची खटपट सुरू होते. बसने फिरणार असाल, तर हा क्रम उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या गावाच्या स्टँडवरून कोठे थेट बस जाते, तिला किती तास लागतात आणि परतीची शेवटची बस साधारण केव्हा असते, हे आधी पाहावे. त्यावरून मुक्कामाची दोन-तीन गावे पक्की करावीत आणि यादीतले काय टिकते, काय गळते हे त्यानंतर ठरवावे.

देशाचा आकार येथे हमखास फसवतो. श्रीलंकेचे क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून थोडेसेच जास्त. त्यामुळे ‘एवढासा देश, आठवड्यात सहज होईल’ असे वाटते. प्रत्यक्षात कोलंबो ते कँडी हे जेमतेम 115 किलोमीटर अंतर कापायला साध्या बसला तीन ते चार तास लागतात, कारण रस्ता एकामागून एक लागणाऱ्या गावांच्या बाजारपेठांतून जातो आणि पुढे कडुगन्नावाचा घाट चढतो. कँडी ते नुवारा एलिया 80 किलोमीटरसुद्धा नाही; तरी चहाच्या मळ्यांतून वळणे घेत जाणारी बस तीन तासांच्या आसपास खाते. याउलट 2011 साली सुरू झालेल्या दक्षिण द्रुतगती मार्गावर कोलंबोच्या वेशीवरील माकुंबुरा येथून निघालेली बस तासा-सव्वातासात गॉलला पोहोचते, तर जुन्या किनारी रस्त्याने कोलंबोहून गॉलला जायला तीन तास धरावे लागतात. म्हणून वहीत किलोमीटर लिहूच नयेत, तास लिहावेत.

बसव्यवस्था आपल्याला परकी वाटू नये इतकी ओळखीची आहे. श्रीलंका परिवहन मंडळाच्या लाल गाड्या आपल्या एसटीच्या बहिणी शोभाव्यात अशा आहेत. त्यांतल्या कितीतरी तर अशोक लेलँडच्याच. त्यांच्याच मार्गांवर खासगी बसही धावतात, त्या अधिक घाईच्या आणि मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या. दोन्हींत तिकीट गाडीत बसल्यावर कंडक्टरकडून घ्यायचे असते, त्यामुळे रोजच्या प्रवासासाठी आगाऊ आरक्षणाची चिंता नसते. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे मात्र आधी पाहून ठेवावे. पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत असल्या, तरी धावत्या गाडीचा मार्ग क्रमांक सर्वांत आधी दिसतो, आणि तोच पाठ असणे सोयीचे. कोलंबो–कँडी 1, कोलंबो–गॉल जुन्या रस्त्याने 2, कोलंबो–जाफना 87, कोलंबो–बदुल्ला 99. दारामागची पुढची जागा भिक्षूंसाठी राखीव असते. तेथे बसलात आणि भगव्या वस्त्रातील कोणी चढले, तर न सांगता उठावे. मोठी बॅग हा खरा अडचणीचा विषय आहे. वातानुकूलित छोट्या ‘इंटरसिटी’ गाड्यांत डिकी नावापुरतीच असते, आणि बॅगेने सीट अडवली तर त्या सीटचेही भाडे मागतात, जे मला रास्तच वाटते. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन या देशात बसने फिरू नये. पाठीवर मावेल तेवढेच सामान न्यावे.

आता मुक्कामाच्या गावांविषयी. अनुराधपुरा, सिगिरिया, पोलोन्नरुवा असा प्राचीन राजधान्यांचा जो पट्टा आहे, त्यासाठी बहुतेक जण कँडीत राहून रोज ये-जा करण्याचा बेत करतात आणि रोजचे चार-पाच तास रस्त्यावर घालवतात. दंबुल्ला किंवा हबराना येथे राहिले, तर चित्र पालटते. दंबुल्ला हे चौफुलीचे गाव आहे: कँडी, कोलंबो, अनुराधपुरा, त्रिंकोमाली या सर्व दिशांच्या गाड्या येथून मिळतात. पाच गुहांचे दंबुल्लाचे मंदिर गावातच आहे. सिगिरियाची लोकल बस साधारण पाऊण तासात पोहोचवते. मात्र संध्याकाळनंतर ती भरवशाची नाही, म्हणून सकाळची पहिली गाडी पकडावी. ते तसेही हिताचे, कारण पाचव्या शतकातील राजा कश्यपाने ज्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला, त्याच्या सुमारे 1,200 पायऱ्या दुपारच्या उन्हात चढणे म्हणजे स्वतःवर उगवलेला सूड आहे.

पोलोन्नरुवाला जाताना एक बारीक गोष्ट माहीत असलेली बरी. त्या बाजूच्या बसवर बहुधा ‘कदुरुवेला’ लिहिलेले असते, कारण मुख्य स्टँड त्या गावात आहे, आणि ते पुरातन नगरीच्या चार किलोमीटर पुढे लागते. कंडक्टरला चढतानाच ‘ओल्ड टाउन’ असे सांगून ठेवावे. तो बरोबर उतरवतो. तेथे भाड्याने सायकल घ्यावी आणि शेवटी गल विहाराशी जावे. एकाच कातळात कोरलेल्या तेथील मूर्तींपैकी निद्रिस्त बुद्धाची मूर्ती 14 मीटर लांब आहे, आणि डोक्याखालच्या दगडी उशीला पडलेला खळगासुद्धा शिल्पकाराने कोरला आहे. परत येताना मात्र शक्यतो कदुरुवेलापर्यंत मागे जाऊन बस धरावी, कारण जागा तेथेच मिळते. ओल्ड टाउनला ती भरलेलीच येते.

डोंगराळ भागात बसने जाणारे कमीच, कारण सर्वांना रेल्वेची छायाचित्रे हवी असतात. बसची बाजूही पाहावी. नुवारा एलियाहून वेलीमडाच्या दिशेने जाणारी साधी बस सीता एलियाच्या सीता अम्मन मंदिरावरून आणि हकगलाच्या वनस्पती उद्यानावरून जाते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे रामायणाशी जोडलेल्या या ठिकाणासाठी खास गाडी करतात, वास्तविक ते बसच्या वाटेवरच आहे. पुढे वेलीमडा आणि बंडारवेला येथे गाडी बदलत एला गाठता येते. दोनदा बदलावे लागते म्हणून धास्ती घेण्याचे कारण नाही. एलाचे नाव घेतले की स्टँडवरील माणसेच पुढच्या गाडीपर्यंत आणून सोडतात.

पावसाचे गणित आपल्यापेक्षा वेगळे आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य किनारा आणि डोंगर भिजतात, तेव्हा त्रिंकोमालीची बाजू कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत नेमके उलटे. पोया, म्हणजे प्रत्येक पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी, कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवावी, कारण त्या दिवशी देवस्थानांच्या गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते आणि दारूविक्री बंद असते. एप्रिलच्या मध्यातील सिंहली-तमिळ नववर्षाच्या दिवसांत तर बसचा बेत करूच नये.

चालकासह गाडी करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. सोबत वयस्कर आई-वडील असतील, तर तेच योग्य आहे. गर्दीच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करताना महिलांना धक्काबुक्कीचा त्रास होऊ शकतो, हेही लपवून चालणार नाही. लांबच्या टप्प्याला सुटण्याच्या ठिकाणीच चढून जागा धरणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. पण ‘परदेशात बस कशी जमणार’ एवढ्याच भीतीपोटी गाडी करायची असेल, तर ती भीती अनाठायी आहे. उन्हाळी सुट्टीत एसटीने कोकणात उतरलेल्या माणसाला येथे नवे शिकायचे फारसे काहीच नाही.

शेवटचा दिवस मात्र बसच्या भरवशावर ठेवू नये. विमानतळ कोलंबोत नसून उत्तरेला सुमारे 30 किलोमीटरवर कटुनायके येथे आहे, आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला संध्याकाळची कोलंबोची कोंडी ओलांडावी लागते. विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम नेगोम्बोला करावा: विमानतळ तेथून 10 किलोमीटरच्या आसपास आहे, समुद्रकिनाऱ्यावर बऱ्यापैकी स्वस्त खोल्या मिळतात, आणि पहाटेचे विमान असेल तर रिक्षा रात्रीच सांगून ठेवता येते. येतानाही हेच गाव उपयोगी पडते. कँडीला थेट बस नेगोम्बोहून मिळते, त्यामुळे कोलंबो बघायचे नसेल, तर तेथील पेट्टा या बाजार आणि बस स्टँडच्या भागातील गर्दीत पाऊल न टाकताही सारा प्रवास पुरा होतो.