येळवशीला आईला घरीच ठेवा, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली, की लातूर-धाराशिवकडच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. येळवशीला, म्हणजे या अमावास्येला शेतात पूजा करून तिथेच जेवण्याच्या सणाला, शेतात जाताना किंवा एरवी सहलीला, देवदर्शनाला निघताना स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांना सोबत नेऊ नका, असे त्यात बजावलेले असते. त्यांना दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही, बाहेर नेल्याने आजार वाढतो, ते चारचौघांत काहीही बोलतात आणि गर्दीत हरवतात, ही त्याची कारणे. न्यायचेच झाले तर वाटेत माणसे आणि गावे ओळखायला लावून मेंदूला व्यायाम द्या आणि गाडीत शांत राहावेत म्हणून झोपेची गोळी द्या, असा सल्लाही त्यात आहे. शेवटी, घरच्यांनाही एक दिवस मोकळा मिळू द्या, असे म्हटले आहे. माझ्या आईला सहा वर्षांपासून अल्झायमर आहे आणि यंदा हा संदेश मला तीन नातलगांनी काळजीपोटीच पाठवला, म्हणून त्याला नीट उत्तर देणे भाग आहे.

आठवत नाही, हे खरे आहे. नव्या घटनांची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या आजारात लवकर झिजतो, त्यामुळे सकाळी शेतात गेलेली आई संध्याकाळी ‘मी कुठंच गेले नाही’ असे ठामपणे सांगते. पण आठवण गेली म्हणजे अनुभव वाया गेला, हा संदेशाचा निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांतला बहुतेक तपशील रुग्णांच्या लक्षात राहिला नाही, मात्र चित्रफितीने जागी केलेली भावना त्यानंतरही टिकून होती, आणि ज्यांना सर्वांत कमी आठवत होते त्यांच्यात तर दुःख अधिक रेंगाळले. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. गाडीत बसताना उशीर केला म्हणून कोणी आईवर खेकसले, तर ते शब्द ती विसरते, पण उदास का वाटते आहे हे न कळताच ती तासभर उदास राहते. शिवाय, मागच्या महिन्यात खाल्लेल्या पुरणपोळीची चव आपल्यापैकी कितीजणांना आठवते? तरीही ती पोळी वाया गेली, असे कोणी म्हणत नाही.

बाहेर नेल्याने आजार वाढतो, या मुद्द्यात एक खरी गोष्ट चुकीच्या कारणाला जोडलेली आहे. पेशींची झीज एका दिवसाच्या फेरफटक्याने वेगावत नाही. पण थकवा, कमी पाणी, बद्धकोष्ठ किंवा लघवीचा संसर्ग यांमुळे अशा व्यक्तीचा गोंधळ एकाएकी वाढू शकतो आणि पाहणाऱ्याला वाटते, आजारच बळावला. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून नेमके हेच झाले. दोन जीपमध्ये वीस माणसे, मोठ्या आवाजात गाणी, पूजेला झालेला उशीर, दुपारी दोनला जेवण, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून आईला पाणीच कमी दिलेले. वयाबरोबर तहान कमी जाणवते, त्यामुळे तिने स्वतःहून मागितलेही नाही. दिवस कलला तशी ती ‘मला घरी सोडा’ म्हणत गाडीचे दार ओढू लागली. संध्याकाळी अस्वस्थता वाढणे हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे आणि आम्ही तर तिला दिवेलागणीपर्यंत रानात ठेवले होते. त्या दिवशी दोष रानाचा नव्हता, आमच्या आखणीचा होता. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघेच सकाळी नऊला निघालो, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ सावलीत तिची नेहमीची खुर्ची ठेवली, दर अर्ध्या तासाला पाणी दिले आणि बाराच्या आत परतलो.

ओळखायला लावा, हा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो प्रेमाने दिला जातो. ‘काकू, मी कोण सांगा बरं?’ हा प्रश्न येळवशीच्या दिवशी आईला किमान दहाजण विचारतात. विचारणाऱ्याला ती गंमत वाटते, आईसाठी मात्र ती दहा वेळा नापास होण्याची परीक्षा असते. अशा प्रश्नांनी हरवलेली नावे परत येत नाहीत. ‘काकू, मी तुमच्या धाकट्या जावेचा मुलगा, तुमच्यासाठी बोरं आणलीत,’ असे स्वतःच सांगून बाजूला बसणे अधिक उपयोगाचे. आम्ही चौघेच गेलो त्या वर्षी कोपीभोवती ताक घातलेली आंबील शिंपडताना ‘ओलगे ओलगे’ ही आरोळी आई देईल म्हणून दोन नातवंडे फोन धरून उभी होती. तिने आरोळी दिली नाही, ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ती खुर्चीतून उठली, बाजूच्या हरभऱ्याच्या सरीत वाकली आणि शेंडे खुडू लागली. अंगठा आणि तर्जनीच्या नखात कोवळा शेंडा पकडायचा, एकाच झटक्यात तोडायचा, मूठ भरली की पदराच्या ओट्यात टाकायची, आणि मध्येच बोटाला लागलेली पाल्यावरची आंबट आंब चाटायची, हे सगळे तिने पन्नास वर्षांपूर्वी करत असेल तसेच केले. हाताच्या सवयी सांभाळणारे मेंदूचे भाग या आजारात त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. मेंदूचा व्यायामच हवा असेल, तर प्रश्न विचारण्यापेक्षा हाताला ओळखीचे काम द्यावे.

लोक काय म्हणतील, यावर फार लिहिण्याची गरज नाही. तिला आजार आहे हे गावाला एकदा सरळ सांगितले, की हसणारे कमी होतात आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करता येते. हरवण्याची भीती मात्र खरी आहे, म्हणून नवरात्रात तुळजापूरला किंवा नाथषष्ठीला पैठणला अशा व्यक्तीला नेऊ नये, असे माझेही मत आहे. त्याच पैठणला एखाद्या साध्या दिवशी सकाळी नाथांच्या समाधीचे दर्शन निवांत होते. निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढावा, पोलक्याच्या किंवा सदऱ्याच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी, आणि तिच्यावर लक्ष कोणाचे हे तासागणिक नावानिशी ठरवावे, कारण ‘सगळे आहेत की’ म्हटले की कोणीच नसते. हरवण्याच्या भीतीने घरात ठेवलेली माणसेही उघड्या दारातून निघून जातात, हे संदेश लिहिणाऱ्याने लक्षात घेतलेले दिसत नाही.

गोळीचा सल्ला थेट धोक्याचा आहे. झोपेच्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो आणि गोंधळ वाढतो. मनोविकारांवरच्या काही शामक औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला आहे. गाडी लागू नये म्हणून दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या काही गोळ्यासुद्धा या आजारात भ्रम वाढवतात, त्यामुळे त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. गोळी दिल्याशिवाय पार पडणार नाही इतका लांबचा प्रवास असेल, तर प्रवासच जवळचा करावा.

घरच्यांना एक दिवस मोकळा मिळू द्या, या शेवटच्या मुद्द्यावर मी भांडणार नाही, फक्त तो ‘नेऊ नका’ या आज्ञेला जोडू नये. आईचे आंघोळ-जेवण वर्षभर माझी बायको पाहते, आणि आई सोबत असली की येळवशीलाही बायकोचे काम सुटत नाही. गेल्या वर्षी आईला सर्दी होती, तेव्हा बायको आणि मुले शेतात गेली व मी घरी थांबलो. दुपारी डब्यात भज्जी, बाजरीचे उंडे आणि तांब्यातून आंबील आली. आईने दोन घोट घेतले, तांब्या खाली ठेवला आणि विचारले, ‘कुणी केली? ताक गोडच घातलंय.’ मी चव घेऊन पाहिली, तर ताक खरेच गोड होते.