किर्लोस्करवाडी फुकट जमिनीवर उभी राहिली नाही

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: "गाव सुधारायचं तर एक मोठी कंपनी आणा. शंभर एकर फुकट द्या, दहा वर्षं कर माफ करा, पोरांना दारात नोकऱ्या मिळतील. औंधच्या राजानं जमीन दिली म्हणून किर्लोस्करवाडी झाली. काजू फोडून कुठं तालुका उभा राहतो का? आणि आपल्या माणसाच्या रक्तात धंदाच नाही."

लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. दहावी-बारावी झालेली पोरं पुण्याच्या गाडीत बसताना मलाही बघवत नाही. पण आता कंपनीला गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेत मांडू म्हणून बोलणं सुरू झालंय, त्यामुळे गप्प बसणं बरोबर नाही.

आधी किर्लोस्करवाडी, म्हणजे सांगलीकडची किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत, कारण सगळा मजकूर त्या एका दाखल्यावर उभा आहे. १९१० साली औंध संस्थानच्या राजानं, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं, हे खरं. जमीन कसली होती? निवडुंगाचं रान. पण त्याआधीचं काय? लक्ष्मणराव तेव्हा नवखे नव्हते. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, अशी वीसेक वर्षं त्यांनी घातली होती. लोखंडानं जमीन नासते या समजुतीनं शेतकरी नांगराला हात लावत नव्हते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. म्हणजे औंधला आला तेव्हा त्या माणसाकडे माल तयार होता आणि गिऱ्हाईक आजूबाजूच्या रानातच होतं. माल बाहेर न्यायला शेजारी रेल्वे होती. शिवाय तो स्वतः बायकापोरांसह त्या माळावर राहायला आला. राजानं मदत केली ती ओळखीच्या, हात चालणाऱ्या माणसाला. सवलत बघून लांबून येणाऱ्या कंपनीला शंभर एकर देणं ही त्याची नक्कल नाही, त्याच्या उलटं आहे.

"सवलत द्या, कंपनी येईल" हे तर आपण करून बघितलेलं आहे. एमआयडीसी १९६२ ची. मागास तालुक्यांना जास्त सवलत देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून, या ना त्या रूपात, चालू आहे. साठ वर्षं झाली. तरी कारखाने दाटले ते ठाणे, पुणे, चाकण, नाशिक याच पट्ट्यात. सुट्टा भाग देणारा पुरवठादार, मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि बंदराचा रस्ता जिथं हाताशी, तिथं कंपनी जाते. करमाफीनं ही कमतरता भरून निघत नाही. आणि घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या ग्रामपंचायतीनं कर सोडला तर कंपनीच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता कोण करणार?  

नोकऱ्यांचं म्हणाल तर ८० टक्के स्थानिकांचं धोरण कागदावर आहे, पण त्यातला "स्थानिक" म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला माणूस. तुमच्या वाडीतला पोरगा नव्हे.

आता काजू. इथं मला जास्त बोलायचंय, कारण आमच्या वहिनी घराशेजारच्या शेडमध्ये हेच काम करतात.

बी वाफवून वाळवली की बायका कटिंगला बसतात. हाताला तेल चोपडायचं, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. पायानं दांडा दाबला की टरफल फुटतं, आणि गर अख्खा निघाला पाहिजे. अख्ख्या गराला जो भाव, तो तुकड्याला नाही. मग गर ड्रायरमध्ये. मध्येच लाईट गेली आणि ड्रायर थंड पडला की साल चिकटून बसते, सोलताना गर मोडतो आणि तुकडा वाढतो. वाडीवरचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की बदलून यायला किती दिवस लागतात ते आम्हाला विचारा.

खरा फास मात्र पैशाचा आहे. बी येते मार्च ते मे, काम चालवायचं वर्षभर. रोज ८० किलोची दोन पोती फोडणारं छोटं युनिट धरा: २५० दिवसांना ४० टन बी. किलोला ११० रुपये धरले तरी ४४ लाख, आणि ते तीन महिन्यांत उभे करायचे. गर निघणार त्यातून साधारण चौथा हिस्सा, तोही वर्षभरात थोडा थोडा विकला जाणार. वहिनी एका बँकेत गेल्या तर उत्तर मिळालं, बी तारण म्हणून चालत नाही, घराचा उतारा आणा. शेवटी पैसे दिले व्यापाऱ्यानं, आणि गर त्यालाच, तो म्हणेल त्या भावानं. सात बायकांच्या हाताला काम देणाऱ्या शेडचा नफा असा जातो.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान मिळतं. चांगली योजना आहे, पण तिचा भर यंत्रावर. आमचं यंत्र दिवाळीनंतर बी संपली म्हणून थांबतं. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत, म्हणजे गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज देणाऱ्या योजनेत, काजू बी बसते. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पण फक्त शेतकऱ्याला. तरी तीच आपल्या उपयोगाची. जवळ गोदाम असेल तर शेतकरी मे महिन्यात पडेल भावानं बी विकणार नाही, आणि युनिटला ती दर महिन्याला थोडी थोडी घेता येईल. दोघांचंही ओझं हलकं होईल.

रक्तात धंदा नाही, या वाक्याला उत्तर द्यायचीही इच्छा नाही. प्रवरा भागातल्या लोणीच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विख्यांबरोबर शेअर गोळा करून १९५० च्या सुमारास साखर कारखाना चालू केला. ते कुठल्या वेगळ्या रक्ताचे होते?

येत्या ग्रामसभेत मी दुसरा ठराव मांडणार आहे: त्याच गायरानातल्या दोन एकरांवर तारण योजनेसाठी गोदाम, आणि शेडच्या वाडीसाठी वेगळा डीपी. दोन्ही मागण्या मार्चच्या आत पाठवायला हव्यात. त्यानंतर बी यायला लागते.