गिरगाव संपलं म्हणणाऱ्यांनो, जरा कागदही वाचा

दर गुढीपाडव्याला आणि दर गणपतीत एक लाट येते. बोरिवलीहून, डोंबिवलीहून, ठाण्याहून, थेट अमेरिकेतूनसुद्धा. शोभायात्रेचा फोटो आणि खाली एकच ओळ, ‘आपलं गिरगाव आता राहिलं नाही हो.’ त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मग कोणाला चाळीतला क्रिकेटचा डाव आठवतो, कोणाला दिवाळीतला फराळ, कोणाला गॅलरीतल्या गप्पा.

राग नाही येत, पण कंटाळा आलाय. यातली बरीच मंडळी कधीच खोली विकून, पागडीचे पैसे घेऊन निघून गेली. त्यात काही गैर नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार किती दिवस मावणार? आमचे काकाही असेच गेले. पण जे राहिलेत त्यांचं आज नेमकं काय चाललंय, हे विचारायला या मंडळींपैकी कोणी येत नाही. यांना चाळीची आठवण हवी असते, चाळीची बातमी नको असते.

आणि बातमी तरी कुठे मिळते म्हणा. वर्तमानपत्रात गिरगाव येतं ते मेट्रोच्या उद्घाटनाला, नाहीतर एखादा जिना कोसळला की. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी अख्खी मेट्रो ३ सुरू झाली, गिरगाव आणि काळबादेवी ही दोन्ही स्थानकं उघडली, तेव्हा आठवडाभर चॅनेलवाले सरकत्या जिन्यांवर उभे राहून बोलत होते. मेट्रो मला आवडते, उगाच नाकं मुरडणार नाही. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, पत्र्यांच्या आडून चाललो, त्याचं काहीतरी मिळालं. पण या दोन स्थानकांसाठी ज्यांच्या इमारती पाडल्या, त्यांना याच भागात घरं द्यायचं ठरलं होतं. ती माणसं आज कुठे आहेत, किती परत आली, हे सांगायला जिन्यावर कोणी उभं राहिलं नाही.

आमच्याकडे खरी बातमी कशी येते सांगते. सकाळी नळावर नाहीतर दुधाच्या पिशव्या घेताना. ‘पलीकडच्या वाडीतलं भाडं थांबलं म्हणे.’ एवढंच वाक्य. पण ते ऐकून आख्खा मजला गप्प होतो. कारण ज्यांना कळतं त्यांना कळतं. बिल्डरने इमारत रिकामी करून पाडली, लोक वसई-विरारला भाड्याने गेले, आणि आता बिल्डरकडून दर महिन्याला मिळायचं ते भाडं बंद झालं. म्हणजे इमारतही गेली आणि घरभाडंही स्वतःच्या खिशातून. आमच्या अगदी जवळच्या एका चाळीचं हेच झालंय. खड्ड्यात पाणी साचलंय, भोवती पत्रे, पत्र्यांवर मात्र टॉवरचं चकचकीत चित्र.

मागे आमच्याकडेही एका बिल्डरचा माणूस आला होता. लॅपटॉपवर चित्रं दाखवली. वर बाग, खाली पोहण्याचा तलाव, लॉबीत झुंबर. आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी हात वर केला आणि विचारलं, ‘पाणी किती वाजता येणार?’ सगळे हसले. मला तो त्या संध्याकाळचा सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला. दुसरा प्रश्न एका वहिनींनी विचारला, की हा तलाव दिसतोय तो आमच्यासाठी का? तेव्हा कुठे नकाशा उघडला. सेलच्या, म्हणजे बाहेरच्यांना विकायच्या फ्लॅटच्या इमारतीचं फाटक मोठ्या रस्त्यावर. आमची, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या पुनर्वसनाची, ‘रिहॅब’ची विंग मागे, फाटक गल्लीत. लिफ्ट वेगळी. तलाव अर्थातच त्यांचा. शंभर वर्षं इथे राहिलेल्यांनी मागच्या दाराने यायचं. ‘तुम्हाला फुकटात घर मिळतंय ना,’ असं तो माणूस म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं.

हे फुकटाचं प्रकरण एकदा नीट समजून घ्या. आमच्यासारख्या बहुतेक चाळी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या आहेत, त्यातही १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. १९६९ च्या सुमारास मोजदाद झाली तेव्हा शहर भागात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. भाडेकरू उपकर भरतो आणि म्हाडाचं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं दुरुस्ती मंडळ टेकू लावून जातं. आमच्या गॅलरीला लागलेला टेकू इतका जुना आहे की त्याला आता आमच्या सुनांनी दोरी बांधून कपडे वाळत घातलेत. पुनर्विकास होतो तो मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली. ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि प्रत्येक निवासी भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतलं, घर मालकीचं मिळतं. बिल्डरला त्याच्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी (एफएसआय) मिळते आणि तो ते या भागातल्या भावाने विकतो. म्हणजे आमच्या डोक्यांच्या हिशोबावर त्याला एफएसआय मिळतो. याला फुकट म्हणत नाहीत, व्यवहार म्हणतात.

व्यवहार म्हटला की कागद आले, आणि तिथेच आपण गिरगावकर कच्चे. करारनामा इंग्रजीत, पानं ढीगभर, आणि सही करायला दोन दिवस. ‘सगळ्यांनी केली, तुमचीच राहिली.’ दोन दिवसांत गणपतीच्या वर्गणीचा हिशोबसुद्धा लागत नाही आपला! भाडं थांबलं तर काय, बँक हमी आहे का, कॉर्पस, म्हणजे पुढच्या खर्चासाठी बिल्डरने द्यायची ठेव, किती आणि ती केव्हा मिळणार, ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, आल्याशिवाय ताबा घ्यायचा का, हे प्रश्न विचारणारा माणूस ‘विकासाच्या आड येणारा’ ठरतो. एक गोष्ट मात्र सगळ्यांना करता येते आणि जवळजवळ कोणी करत नाही. बिल्डर सेलचे फ्लॅट विकतो, म्हणजे प्रकल्प महारेरात, बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदवलेला असणार. संकेतस्थळावर नाव टाका. पूर्ण करायची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, कोर्टातले दावे, प्रकल्पावर असलेलं कर्ज, सगळं वाचायला मिळतं. महारेरा मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी आहे, रिहॅबच्या भाडेकरूला तिथे फारशी दाद मिळत नाही हे खरं. पण वाचायला कोणी अडवलेलं नाही.

म्हाडा कायद्यातल्या ७९-अ कलमाच्या नोटिसांचं तर विचारूच नका. म्हाडा इमारत धोकादायक ठरवणार, मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, मग म्हाडा स्वतः संपादन करणार. कागदावर उत्तम कायदा. आमच्याकडे ‘नोटीस आली’ म्हटल्यावर निम्म्या लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले, निम्म्यांनी सामान बांधायला घेतलं. नोटिशीत काय लिहिलंय ते वाचलेला माणूस शोधावा लागला असता. आणि मग २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा शेकडो नोटिसांवरून म्हाडाला फटकारलं. ही बातमी मेट्रोपेक्षा आमच्या जगण्याच्या जास्त जवळची होती. ती मला एका भाचीने पाठवलेल्या लिंकवरून कळली, ती राहते पुण्याला.

त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. गटार तुंबलं तरी कोणाच्या दारात जायचं हा प्रश्न. नगरसेवक फार काही करतात असं नाही, पण निदान भांडायला एक चेहरा असतो.

आता कोणीतरी म्हणणारच, मग चाळच बरी होती ना! नव्हती. चाळसंस्कृतीचं कौतुक करणाऱ्यांमध्ये बायका किती असतात ते एकदा मोजा. पहाटे सामाईक संडासाबाहेर बादली घेऊन उभं राहणं, पाळीच्या दिवसांत त्याच रांगेत उभं राहणं, गुडघे गेलेल्या सासूला लाकडी जिन्यावरून धरून उतरवणं, यावर कोणी हळवी पोस्ट लिहीत नाही. आणि २०१७ च्या ऑगस्टअखेरीला भेंडी बाजारात, इथून चालत जाण्याच्या अंतरावर, हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली. त्या पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीतून माती पडली तरी रात्रभर कोणी झोपत नव्हतं. मला टॉवर हवाय. माझ्या नावावर, स्वतःचा संडास असलेला, आणि पुढच्या फाटकाचा.

पण टॉवरमध्ये राहायला पैसे लागतात, हेही कोणी सांगत नाही. चाळीचं भाडं किरकोळ. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, आगीची यंत्रणा, सगळ्याचा मेंटेनन्स महिन्याला हजारांत. कॉर्पसचं व्याज पुरेल असं सांगतात. निवृत्तिवेतन नसलेल्या जोडप्याला ते पुरलं नाही की घर विकून निघावं लागतं, आणि मग आपण म्हणतो, ‘मराठी माणूसच गिरगाव सोडतो.’

आणि जिन्याखालचा इस्त्रीवाला? गेटजवळचा चपला शिवणारा? खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहून डबे देणाऱ्या मावशी? वाढीव एफएसआयचा हिशोब करताना १३ जून १९९६ नंतर वाढलेले भाडेकरू धरत नाहीत. हे लोक तर कुठल्याच तारखेच्या यादीत नाहीत. टॉवरच्या लॉबीत इस्त्रीचं टेबल मांडू देतील असं मला वाटत नाही.

म्हणून मी मंडळाच्या मुलांना सांगितलंय की नाक्यावरच्या फळ्यावर आठवड्यातून एकदा फक्त कंटाळवाणी बातमी लिहायची. कोणत्या वाडीचं भाडं थांबलं, कुठे ओसी आली, म्हाडाची कसली नोटीस निघाली. मुलं तयार आहेत, दोघांचं अक्षरही बरं आहे. सध्या फळ्यावर एका भावी आमदारांचा वाढदिवस झळकतोय, तो उतरला की सुरू करू. तोवर ज्यांच्या इमारतीला ओसी मिळून वर्ष झालंय त्यांनी मेंटेनन्सची एक पावती मला पाठवा, नाव झाकून चालेल. आकडा हवाय, आठवणी नकोत.