"साउंडवाला बघून घेईल" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं असं: कीबोर्डवर स्टाइल (आपोआप वाजणारी साथ), बेस, पॅड (मागे लांबत राहणारे सूर) यांचे आवाज घरी जुळवत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, मास्टर (कीबोर्डचा एकूण आवाज) फुल करावा, बाकीचं साउंडवाला बघून घेईल. शिवाय मी सांगितल्याप्रमाणे स्टाइल 70 वर आणली तर गाणं पोकळ वाजलं.

पहिलं मला अजिबात पटत नाही. साउंडवाल्याकडे आपल्याकडून जातात फक्त दोन वायरी, आणि सोलापुरात लग्नाच्या कार्यक्रमात बऱ्याचदा एकच. त्यात ढोलक, बेस, कॉर्ड आणि तुम्ही कीबोर्डवर वाजवलेली बासरी आधीच एकत्र झालेली असते. बासरी दबते म्हणून त्याने फेडर (आवाजाची सरकती पट्टी) वर सरकवला, की ढोलकही तेवढीच वर येते. ट्रेबल वाढवला, तर हायहॅट (ड्रममधली झांज) कानाला टोचतो. ज्या कीबोर्डला सब आउट (जादा वेगळे आउटपुट) आहेत, तिथे ऱ्हिदम वेगळा देता येतो, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण वेगळी लाइन मागून बघा, काय उत्तर मिळतं ते!

बेसचं तर विशेष सांभाळावं लागतं. कीबोर्डच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर नीट निघत नाहीत. त्यातून आवाज कमी असला की कानालाही ते कमीच जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलंय. म्हणून घरी आपण बेस वाढवतो, आणि मंगल कार्यालयात मोठ्या सबवूफरवर तोच बेस इतका घुमतो की गायकाचे शब्द कळत नाहीत. मंडळाच्या उघड्या मांडवात तो तेवढा घुमत नाही. त्यामुळे दोन्हींसाठी वेगळी रजिस्ट्रेशन (कीबोर्डमध्ये साठवलेली सगळी जुळवणी) करून ठेवा, आणि ती चांगल्या हेडफोनवर ऐकूनच करा.

आता पोकळपणा. 70 म्हणजे 127 पैकी 70, टक्के नव्हेत. अख्खी स्टाइल खाली ओढली की ढोलकही दबते, मग गाणं पोकळ वाटणारच. कीबोर्डच्याच मिक्सरमध्ये जाऊन फक्त पॅड आणि कॉर्ड कमी करा. गायकाच्या आवाजाची जागा तेच अडवतात. ऱ्हिदमला हात लावू नका. स्टाइल बदलून परत आलात की तिचे मूळचे आवाज येतात, म्हणून जुळवलेली स्टाइल कीबोर्डच्या यूझर मेमरीमध्ये सेव्ह करा आणि रजिस्ट्रेशनला तीच लावा.

आणि मास्टर फुल नकोच. पाऊण ठेवा, साउंडवाल्याला गेन (त्याच्याकडे येणाऱ्या आवाजाची पातळी) त्यावर लावू द्या. कोरस आला की वर जायला जागा राहते.

मॉडेल आणि स्टाइलचं नाव कळवा, कुठला पार्ट किती कमी करायचा ते बघून सांगतो.