गिऱ्हाईक उठून जातं, वेटर कुठे जाणार?

हॉटेलातल्या सिगारेटच्या धुराचा विषय निघाला की सगळं बोलणं गिऱ्हाइकाभोवतीच फिरतं. शेजारच्या टेबलाला त्रास होतो का, सोबत लहान मुलं आहेत का, स्मोकिंग झोन वेगळा आहे का. अहो, गिऱ्हाईक तास-दीड तासात बिल देऊन निघून जातं. त्या झोनमध्ये अख्खी ड्युटी काढतो तो वेटर. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

माझा भाचा अंधेरीतल्या एका बारमध्ये कामाला आहे. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही त्याला. भरलेला ॲशट्रे उचलताना त्यावर दुसरा, स्वच्छ ॲशट्रे पालथा घालायचा आणि दोन्ही एकदम उचलायचे, म्हणजे राख गिऱ्हाइकाच्या ताटात उडत नाही, हे त्याला अगदी सुरुवातीलाच शिकवलं. त्याच्या स्वतःच्या छातीचं काय, हे कोणी विचारलं नाही. रात्री त्याचा शर्ट घरात ठेववत नाही, गॅलरीत टांगतात. "साहेब, जरा बाहेर जाऊन ओढा" असं तो म्हणू शकत नाही. टिप जाईल, आणि तक्रार झाली तर कामही जाईल.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये बंदी घातली, ती आपल्या मुंबईच्याच मुरली देवरांच्या याचिकेवर. मग 2003 चा कायदा आला आणि त्यातच 30 किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळ्या जागेची सवलत मिळाली. मे 2017 मध्ये केंद्राने नियम बदलून स्पष्ट सांगितलं की अशा जागेत कुठलीही सेवा द्यायची नाही. म्हणजे आत जा, ओढा, बाहेर या. दारू नाही, चकणा नाही, वेटर नाही. तरी माझा भाचा रोज ट्रे घेऊन आत जातो.

मालक म्हणतात, एक्झॉस्ट लावलाय. दुसऱ्याच्या धुराची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही आणि हवा खेळती ठेवून तो धोका जात नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालात 2006 मध्येच आलंय. आयर्लंडने 2004 मध्ये पबसकट सगळ्या कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, त्या कामगारांच्या तब्येतीसाठी. आपल्याकडे 2016-17 च्या सरकारी पाहणीत बंद जागेत काम करणाऱ्यांपैकी 30.2 टक्के लोकांनी कामावर हा धूर सोसावा लागतो असं सांगितलं.

"एवढा त्रास होतो तर दुसरी नोकरी बघ," असं म्हणणारेही भेटतात. मला याचा फार राग येतो. गिरण्यांत कापसाच्या धुळीने ज्यांची फुप्फुसं गेली, त्यांनाही हेच ऐकवलं जायचं. पोटासाठी आलेल्या माणसाने श्वासही गहाण टाकायचा का?

माझं म्हणणं सरळ आहे. 30 आसनांची सवलत काढून टाका. ती निघेपर्यंत 2017 चा नियम तरी पाळा. धूम्रपानबंदीच्या पाटीवर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहिणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी हॉटेलात गेलात तर ते नाव शोधा आणि त्या माणसाला विचारा, स्मोकिंग झोनमध्ये वेटर का पाठवता?