टाकीतला जिवंत मासा औषधमुक्त असतो का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: “बर्फातला मासा घेऊच नका. टाकीतला जिवंत रोहू, कटला, पंगस डोळ्यांदेखत कापून घ्या, त्यात औषध नसतं. शंका आली तर फॉर्मेलिनची पट्टी लावा. नीट शिजवलं की उरलंसुरलं नष्ट होतं. आणि बंदी घातलेली औषधं आता कोण वापरतंय?” मी प्रयोगशाळेत माशांचे नमुने तपासलेत. यातलं एकही वाक्य मला तसंच जाऊ द्यावंसं वाटत नाही.

जिवंत माशापासून सुरुवात करू. जाळ्यात, ड्रममध्ये, ट्रकमध्ये मासे एकमेकांवर घासतात, खवले निघतात आणि त्या जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. ती रोखायला मॅलेकाइट ग्रीन हा स्वस्त रंग 1930च्या दशकापासून वापरात आहे. म्हणजे मासा जिवंत पोचवायचा असेल तेव्हाच या रंगाचा मोह सर्वांत जास्त. मत्स्यबीज केंद्रात अंड्यांना आणि जिऱ्यांनाही, म्हणजे नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांनाही, तो दिला जातो. माशाच्या अंगात गेल्यावर त्याचं ल्युकोमॅलेकाइट ग्रीन होतं. ते रंगहीन असतं, चरबीत मुरतं आणि महिनोन्‌महिने राहू शकतं. मांस वाटून आम्ही अर्क काढायचो तेव्हा कुपीत पाण्यासारखा नितळ द्रव दिसायचा, आणि अहवालात मात्र अंश सापडलेला असायचा. लालभडक कल्ले आणि चमकदार डोळे मासा ताजा आहे एवढंच सांगतात, त्याला काय पाजलंय ते नाही.

पट्टीचं म्हणाल, तर 2018मध्ये गोव्यात मासा टिकवायला लावल्या जाणाऱ्या फॉर्मेलिन या रसायनावरून गदारोळ झाला तेव्हापासून लोकांच्या तोंडी ती आहे. ती फॉर्मेलिनसाठी चांगलीच, पण बाकी कशासाठीही नाही. क्लोरॅम्फेनिकॉल असो की नायट्रोफ्युरान, या जंतुनाशक औषधांनी पट्टीचा रंग बदलणार नाही. युरोपात मॅलेकाइट ग्रीन आणि त्याचं ल्युको रूप मिळून किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमपासून कारवाई होते. दहा टनांचे शंभर ट्रक मासे आणि त्यात अर्धा ग्रॅम पदार्थ, असं ते प्रमाण. ते शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र लागतं.

शिजवण्याचा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यावर आपण निर्धास्त होतो. उकळल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश जंतू नाही. ल्युको रूप उकळीला फारशी दाद देत नाही. नायट्रोफ्युरान मूळ रूपात शरीरातून लवकर जातं, पण त्याचे तुकडे माशाच्या प्रथिनांना चिकटून बसतात आणि शिजवल्यावरही बराचसा भाग तसाच राहतो, म्हणून प्रयोगशाळा त्या तुकड्यांचाच शोध घेते. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित का होईना, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते, आणि त्याची सुरक्षित मात्रा तज्ज्ञांना ठरवता आलेली नाही. त्यामुळे “थोडंसंच आहे ना” हे म्हणणं इथे चालत नाही.

आणि बंदी? क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान आपल्या 2011च्या अन्नसुरक्षा नियमांत मासळीसाठी निषिद्ध आहेत. पण कागदावरची बंदी तळ्यावर उतरते ती कुणीतरी नमुना घेतो तेव्हाच. निर्यातीच्या मासळीसाठी अंशांवर नजर ठेवणारी राष्ट्रीय योजना आहे, शेतीतळ्यापासून नमुने घेतले जातात, कारण परदेशी बंदर माल परत पाठवतं. आपल्या पानातला चिलापी किंवा आंध्रातून पेटीत येणारा रोहू परत पाठवायला असं कुणी उभं नसतं.

म्हणून मासे सोडा असं मी सांगत नाही, मीही सोडलेले नाहीत. कोळीणमावशीला जाब विचारूनही काही होणार नाही, तिच्या हातात यातलं काहीच नाही. मागणी करायची तर अन्न व औषध प्रशासनाकडे करा: घाऊक बाजारात आणि मत्स्यबीज केंद्रांवर वर्षभर नमुने घ्या, टाकीतल्या माशांचे वेगळे घ्या, आणि निकाल कुठल्या तळ्याचा, कुठल्या महिन्याचा, ते जाहीर करा.