मासा बाऊलच्या मापाने वाढत नाही!

"लहान बाऊल चालेल, मासा त्याच्या मापानेच वाढतो." फायटर मासा विकताना हे इतक्या सहजपणे सांगितलं जातं की घेणाऱ्याला ते खरंच वाटतं. ते साफ चूक आहे आणि त्यापायी किती मासे अकाली मरतात हे बघून मला मनापासून राग येतो.

मुळात फायटर, म्हणजे बेट्टा, दुकानात शेपटी पसरून दिसतो तेव्हा तो बहुधा चार-सहा महिन्यांचा तरी असतो. अंगाची वाढ जवळजवळ झालेली असते. खरी वाढ आधीच्या महिन्यांतली. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो, खाली पडणारी अंडी तोंडात झेलून त्यात ठेवतो, मादीला हाकलतो आणि एकटाच राखण करतो. साधारण दीड दिवसात पिल्लं बाहेर पडतात आणि पुढचे दोन-तीन दिवस पोटाच्या बलकावर काढून आडवी पोहू लागतात. हवेतून श्वास घेण्याचा अवयव त्यांना जन्मतः नसतो, तो पुढच्या काही आठवड्यांत तयार होतो. म्हणून पैदास करणारे टाकी झाकून ठेवतात, वरची हवा कोमट राहावी म्हणून. या काळात पाणी घाण राहिलं, थंडी लागली किंवा खाणं कमी पडलं तर पिल्लू खुंटतं. खुंटणं हा आजार आहे. त्याला 'जागेनुसार वाढ' म्हणणं मला पटत नाही.

दुसरा आवडता युक्तिवाद: "हे मासे भातशेतीत राहतात, त्यांना पाणी कशाला जास्त?" राहतात, थायलंडमध्ये. २०१९ मध्ये त्या देशाने या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. पण ज्यांनी कोकणातलं खाचर पाहिलंय त्यांना सांगायला नको: पाणी उथळ असलं तरी केवढं पसरलेलं, कोमट आणि गवताने भरलेलं असतं! बाऊलमध्ये यातलं काय असतं? मासा कल्ल्यांतून विषारी अमोनिया सोडतो, थोड्या पाण्यात तो झपाट्याने साचतो. वर येऊन हवा घेता येते म्हणून मासा तग धरतो, आणि आपण समजतो मजेत आहे.

माझं मत ठाम आहे: १५ ते २० लिटरची टाकी, संथ स्पंज फिल्टर, वर झाकण (हे मासे उडी मारतात), २५ ते २८ अंश तापमान. पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात हीटर लागतोच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं तर पाणी चहाच्या रंगाचं होतं. घाबरू नका, माशाला ते मानवतं. मात्र फवारणी झालेल्या झाडाचं पान नको. खाणं दिवसातून दोनदा, तीन-चार दाणे. पोट फुगलं तर एक दिवस उपास.

आता मोठ्या माशातले बदल. निळ्यावर अचानक पांढरे किंवा लाल पट्टे येऊ लागले तर बहुतेक वेळा तो मार्बल जातीचा असतो. त्याचा रंग आयुष्यभर बदलतो, औषध ओतू नका. फाटलेल्या पराच्या (पोहण्याच्या पंखाच्या) कडेला पारदर्शक पातळ पापुद्रा दिसला तर पर भरून येतोय. कड काळपट किंवा लालसर होऊन झिजतेय तर पर सडतोय, आणि पहिला उपाय स्वच्छ, कोमट पाणी. लांब शेपटीचे नर कधी स्वतःची शेपटी चावतात, तिचा भार पेलत नाही म्हणूनही. लांब, झुपकेदार शेपट्यांसाठी चाललेली पैदास म्हणूनच मला आवडत नाही. छोट्या शेपटीचा प्लकाट घ्या, तो किती चपळ पोहतो बघा!

नीट सांभाळला तर फायटर तीन ते पाच वर्षं जगतो. म्हातारपणी पाठीला बाक येतो, रंग उतरतो, वर यायला दम लागतो. तेव्हा पाण्याची पातळी कमी करा आणि पृष्ठभागाजवळ टेकायला रुंद पानाचं रोप लावा.

आजारी माशाचा फोटो पाठवाल तेव्हा टाकी किती लिटरची, तापमान किती आणि पाणी शेवटचं कधी बदललं, एवढं सोबत लिहा. औषधाचं नाव त्यानंतर सांगेन.